तीन नंबरच्या काठीचं रीळ

अण्णा,

आधी काय घडलं ते क्रमानं लिहिते.

१. दिवाळी होऊन गेली होती. रविवार होता. जेवण करून आपण दोघं ओढ्यावर गेलो.

२. तुम्ही मासे धरायची काठी घेऊन वळणाच्या वरच्या बाजूला गेलात. मी खाली सपाट दगडावर भूमितीचं पुस्तक घेऊन बसले. वळणामुळे आपण एकमेकांना दिसत नव्हतो.

३. काही वेळानं मी दगडावर दगड दोनदा वाजवला.

४. तुमच्या रिळाचा आवाज दोनदा आला.

५. ऊन पुस्तकावरून सरकल्यावर मी वर आले. तुम्ही करंजाच्या मुळांना टेकून बसलेले होतात. पाय पाण्यात होते. काठी मांडीवर होती आणि दोरी पाण्यात.

६. भोकरदनच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदय बंद पडलं. दुपारीच, ऊन डोक्यावर असताना.

७. काकांनी दोरी गुंडाळली, रीळ काठीवरून सोडवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चितेवर तुमच्या उजव्या हाताशी ठेवलं. काठी राहिली.

एवढं नक्की आहे. क्रमांक तीन आणि चार घडले तेव्हा ऊन डोक्यावरून बरंच उतरलं होतं, कारण माझ्या डोक्याची सावली पुस्तकाच्या पानाबाहेर गेली होती आणि मी त्यासाठी सरकून बसले होते. घड्याळ माझ्याकडे नव्हतं, म्हणून वेळ लिहीत नाही. पण क्रम चुकत नाही. डॉक्टरांचं बरोबर असेल, तर मी दगड वाजवला तेव्हा तुम्ही नव्हता.

मी आता जालन्यात औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात असते. तुमच्यासारखी लेथवर नाही, तपासणी विभागात. बंद, थंड खोली आहे, मधोमध ग्रॅनाइटचं टेबल आहे, आणि बाहेर तयार झालेला प्रत्येक भाग आधी माझ्या हाताखालून जातो. आठवडाभर खोली करून राहते आणि शनिवारी संध्याकाळच्या बसनं घरी जाते. ही तुमचीच बस आहे. हे मी ठरवून केलेलं नाही, नोकरी तिथे मिळाली. मागच्या महिन्यात घरी गेले तेव्हा आई स्वयंपाकघर झाडत होती. दाराआडची काठी तिच्या हाताला लागून पडली. तिनं ती उचलून परत जागेवर ठेवली नाही, माझ्या पुढ्यात धरली.

"ही अशी बोडकी कवर ठेवायची?"

"राहू दे की. काय खायला मागती का तुला?"

"मला न्हाई मागत. पण रोज हाताला येती. एकतर तिला काय लागतं ते लाव, न्हाईतर देऊन टाक कोणाला. तुझ्या बापाची येवढी आवडीची, न् तिची अशी काडी करून ठिवली."

मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, "बघती म्हणून लई वर्षं झाली, माय." मग तिनं केरसुणी उचलली आणि विषय संपला. आईचं बोलणं असंच असतं, तुम्हाला माहीत आहे. पण त्या रात्री काठी तिच्या जुन्या जागेवर नव्हती, माझ्या अंथरुणाशेजारी भिंतीला टेकून ठेवलेली होती.

काठी अजून चांगली आहे. सात फुटी, चार तुकड्यांची, वजनाला एखाद्या फुलपात्राइतकी. दोरीच्या जाडीला नंबर असतात आणि ही काठी तीन नंबरच्या दोरीची, म्हणजे अगदी हलकी, ओढ्यासारख्या अरुंद पाण्यासाठी केलेली. या प्रकारात गळाला वजन नसतं. गळ म्हणजे पिसं बांधून केलेली एक माशी. फेकायची ती दोरी, माशी तिच्यामागे जाते. हे सगळं तुम्हाला त्या परदेशी इंजिनियरनं हातवाऱ्यांनी शिकवलं होतं. तुमच्या कारखान्यात मशीन बसवायला आला होता, आणि रविवारी काय करायचं म्हणून तुम्ही त्याला एसटीत बसवून भोकरदनला घेऊन आलात. मला त्याचं एवढंच आठवतं की त्यानं आईच्या हातच्या ठेच्याला दोनदा हात घातला आणि मग बराच वेळ अंगणात उभा राहिला. जाताना त्यानं काठी तुम्हाला दिली. रीळ काढून घेतलं. तुमचा चेहरा पाहून त्यानं खुणेनं सांगितलं की ते त्याच्या वडिलांचं आहे. तुम्ही घरी येऊन हसत सांगितलंत, "बापाचं हाये म्हणला. मंग कसं देईल? मी पण न्हाई देणार."

मग तुम्ही स्वतः केलंत. आता माझा व्यवसायच दोष काढण्याचा आहे, तर लिहिते. तुमचं रीळ चांगलं नव्हतं. ॲल्युमिनियमच्या टाकाऊ तुकड्यातून एकाच बैठकीत काढलेलं, भिंती गरजेपेक्षा जाड, एकही भोक पाडून वजन कमी केलेलं नाही. किराणा दुकानाच्या काट्यावर तुम्ही ते ठेवलंत तेव्हा दुकानदार म्हणाला, "अण्णा, कोणत्या ट्रॅक्टरचं हाये हे?" या काठीला साजेल त्याच्या जवळजवळ दुप्पट वजन भरलं. त्यामुळे काठी बोटावर तोलली की मुठीकडे कलायची आणि टोक आकाशाकडे जायचं. तुम्ही म्हणायचा, टोक वर राह्यलं तर बराबर हाये. ते बरोबर नव्हतं. काठी, रीळ आणि भरलेली दोरी मिळून तोल मुठीच्या वरच्या टोकाशी यायला हवा, म्हणजे दिवसभर फेकूनही मनगट दुखत नाही. तुमचं दुखायचं. रविवारी संध्याकाळी तुम्ही डाव्या हातानं चहा प्यायचा.

दोरी आपोआप सुटू नये म्हणून आत अडकण लागते. त्यासाठी तुम्ही सायकलच्या फ्रीव्हीलमधला कुत्रा बसवला, दातांत अडकणारा तो पोलादी तुकडा, आणि त्याच्यामागे नको इतकी ताठ स्प्रिंग. रीळ तयार झालं त्या दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही काठी फडताळावर आडवी ठेवता आहात, दोरीला साखरेची अर्ध्या किलोची पिशवी बांधता आहात, आणि आई पोळपाट घेऊन मागे सरकते आहे. पिशवी लटकत राहते. रीळ हलत नाही. "पाह्यलं? अर्धा किलो बिलकुल सोडत न्हाई," तुम्ही म्हणता. आई टोपलीतला एक बटाटा उचलते आणि वरून पिशवीत टाकते. कर्र करून साखर जमिनीवर. तुम्ही दोघं इतके हसलात की शेजारची काकू दारात येऊन उभी राहिली. आई हसू आवरत तिला म्हणाली, "मासा लागलाय. साखरेचा." ही गोष्ट मी मजेची म्हणून लिहीत नाही. तो बटाटा माझ्याकडचं एकमेव मोजमाप आहे.

ओढ्यावर ओरडायचं नाही, हा तुमचा नियम होता. मी वळणाखाली, तुम्ही वर. मला एकटीला भीती वाटते हे मी सांगितलं नव्हतं, तुम्हीच ओळखलं असावं. "दगडावर दगड वाजव, दोन बार. मी आहे का न्हाई ते कळंल." आणि तुमचं उत्तर म्हणून तुम्ही बोटांनी दोरी दोनदा ओढायचा. कर्र. कर्र. म्हणजे आहे, बस तिथंच. एकदाच लांब ओढली तर पिशवी घेऊन ये. त्या रिळाचे दोन आवाज होते. गुंडाळताना बारीक टिकटिक, ओढताना खरखरीत. कुत्र्याची एक बाजू तुम्ही कमी घासली होती म्हणून. माझा कान त्यावर तयार झाला. आज लोक विचारतात की नुसत्या आवाजावरून बेअरिंग खराब आहे हे मला कसं कळतं.

तर त्या दिवशी मी जे ऐकलं ते गुंडाळणं नव्हतं, ओढणं होतं. दोन वेळा, आखूड, मध्ये नेहमीएवढं थांबून. मी गणिताकडे वळले. मला ते प्रमेय अजून येतं. यात माझी चूक होती असं मी म्हणत नाही, कोणी म्हटलेलंही नाही. उत्तर आलं होतं. उत्तर आल्यावर बसून राहायचं, असं ठरलेलं होतं.

काकांना मी याच महिन्यात विचारलं. ओसरीवर कापसाच्या बोंडातली किडकी वेगळी करत बसले होते. तेव्हा दोरीला मासा होता का, एवढाच प्रश्न.

"कवा?"

"अण्णा गेले तेव्हा. तुम्ही दोरी गुंडाळली ना."

"आगं, तेवढं कोन बघतं? माझा भाऊ पडलेला, न् मी मासा बघू?"

"हाताला ओढ लागली होती का गुंडाळताना?"

त्यांनी बोंड खाली ठेवलं. "तू इंजिनियर झाली न् पोलिसासारखी बोलून राह्यली. आसंल बारीकसा खवल्या. न्हाई तर नसंल. मी रडत होतो, माय." मग बोंड परत उचलत म्हणाले, "रीळ त्याच्यासोबत देल्लं ते चुकलं का माझं?" मी नाही म्हणाले. ते खरं आहे. माणसाच्या हातातली वस्तू त्याच्यासोबत द्यावी असं त्यांना वाटलं, आणि घरात त्या दिवशी विचार करू शकणारं दुसरं कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सावडायला मला नेलं नव्हतं. काकांनी परत आल्यावर माझ्या तळहातावर दोन वस्तू ठेवल्या. ॲल्युमिनियमचा एक गोळा, पोटाला राख चिकटलेली. आणि कुत्रा, काळा पडलेला, पण आकार शाबूत, कारण पोलाद त्या आगीत वितळत नाही. स्प्रिंग त्याच्याशी चिकटून होती. नोकरी लागल्यावर मी तो कुत्रा ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवून सगळ्या बाजूंनी मोजला. कमी घासलेली बाजू अजून दिसते. पण आगीत त्याचं पाणी उतरलं आहे, पोलाद मऊ झालं आहे, स्प्रिंग बसली आहे. तसंच दुसरं रीळ करून त्यात तो बसवता येईल. आवाज मात्र त्या दिवशीचा येणार नाही, आणि जोर मोजला तर तो त्या दिवशीचा नसेल. म्हणून मी तो परत डबीत ठेवला.

उरलं ते गणित. रीळ सुटायला अर्धा किलो आणि एक बटाटा एवढी ओढ लागत होती. त्या ओढ्यातला खवल्या वीतभर, त्याच्यानं ते हलणार नाही. दिवाळीनंतर पाण्याला धार उरत नाही, नुसत्या प्रवाहानंही हलणार नाही. त्या डोहात मोठी मरळ आहे असं गावात म्हणायचे. तुम्हाला ती कधी लागली नव्हती. आणि मरळ लागली असती तर दोरी लांब गेली असती, पिशवी घेऊन ये अशी. मरळ दोनदा आखूड ओढून थांबत नाही. तेव्हा राहतो तुमचा हात. तसं असेल तर डॉक्टर चुकले. पाय गार पाण्यात होते, अंग गार पडण्यावरून बांधलेला अंदाज अशा वेळी चुकू शकतो, हे मी एका डॉक्टर मैत्रिणीला विचारून घेतलं आहे. ती म्हणाली, चुकू शकतो. किती, ते तिनं सांगितलं नाही. डॉक्टर चुकले नसतील, तर आणखी एक शक्यता उरते. ती मी लिहीत नाही.

आता रिळाचं. पुण्यात एक दुकानदार असली रिळं ठेवतो. मी दुपारच्या सुट्टीत तपासणीच्या खोलीतून फोन केला.

"मॅडम, मिस्टरांना गिफ्ट का?"

"नाही."

"मग भाऊ असतील."

"काठी माझी आहे. सात फूट, तीन नंबर."

"अच्छा, अच्छा. सॉरी हां. लेडीज फार कमी विचारतात."

त्यानंतर तो नीट बोलला. त्याच्याकडे या काठीला बसतील अशी दोन आहेत. पहिल्यात आत चकती आहे, ब्रेकसारखी. ओढ हवी तशी कमीजास्त करता येते, आणि दोरी सुटताना काही ऐकू येत नाही. दुसऱ्यात कुत्रा आणि स्प्रिंग, तुमच्यासारखंच, फक्त हलकं आणि नीट केलेलं. तो म्हणाला, "आवाजाचं लोकांना फार वेड असतं. थांबा, ऐकवतो." मी नको म्हणायच्या आत त्यानं ते फोनजवळ धरलं आणि दोरी ओढली. दोनदा.

माझा हात ग्रॅनाइटवर होता. ते टेबल इतकं सपाट आणि जड आहे की शेजारून लोडिंगची गाडी गेली तरी त्याला कळत नाही. मी तिथंच हात ठेवून उभी होते. पलीकडून तो विचारत होता, "मॅडम? आहात ना?" 

मी म्हटलं, आहे.

तांत्रिकदृष्ट्या निवड अवघड नाही. ओढ्यातल्या माशाला चकतीचा ब्रेक लागतच नाही. तिथे रिळाचं काम दोरी धरून ठेवण्याचं. मग बघायचं ते वजन, दोरी मावते का, मधला गाभा मोठा आहे का, म्हणजे एका फेऱ्यात जास्त दोरी गुंडाळली जाते. कुत्र्याचं रीळ चकतीच्या रिळापेक्षा हलकं आहे, त्यात बिघडण्यासारखं कमी आहे, आणि मी वजनं मांडून बघितलं तर काठीचा तोल नेमका मुठीच्या टोकाशी येतो. दुसऱ्या कोणी मला विचारलं असतं तर मी क्षणात सांगितलं असतं, आवाजाचं घ्या. चकतीचं जड आहे, महाग आहे, आणि या पाण्याला त्याचा उपयोग नाही. तरी मी दुकानदाराला चकतीच्या रिळाचेच प्रश्न जास्त विचारले. ते किती मुकं आहे, जुनं झाल्यावर वाजायला लागतं का. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही पहिल्याच आहात हे विचारणाऱ्या." दोन्ही त्यानं शनिवार संध्याकाळपर्यंत माझ्यासाठी बाजूला ठेवली आहेत.

मुकं रीळ घेतलं तर मी मासे धरू शकेन. दोरी सुटेल आणि मला फक्त हाताला कळेल, कानाला नाही. आवाजाचं घेतलं तर प्रत्येक मासा ते दोन आवाज काढू शकतो, आणि प्रत्येक वेळी मी वळणाकडे बघेन. असं किती दिवस चालतं मला माहीत नाही. त्या रविवारपासून आजपर्यंत चाललं आहे, रीळ नसताना. कारखान्यात कुठे रॅचेटचा पाना करकरत फिरला, बसच्या खिडकीची काच खाली सरकवताना अडकत गेली, तरी मी बोलणं थांबवते. सहकाऱ्यांना वाटतं मी विचार करते आहे.

एक सांगायचं राहिलं. गेल्या रविवारी मी ओढ्यावर जाऊन आले. काठी जोडून नेली होती, तशीच, बोडकी. पाणी बरं आहे. सपाट दगड थोडा खचला आहे, करंज आहे. मी खालच्या बाजूला बसले आणि दगडावर दगड वाजवला. दोनदा. मग ऊन सरकेपर्यंत थांबले. काही आलं नाही. काठीला रीळ नव्हतं, त्यामुळे येणार कशानं, हे मला घरून निघतानाच माहीत होतं. तरी गेले. मी परत आल्यावर आईनं माझ्या पायांचा चिखल बघितला. गरम पाणी काढून दिलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. काठीचे तुकडे ठेवायच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवते, झाकण फिरवून. तिथं ते कोणी बघणार नाही, आणि तुमचा हात जाईल अशी जागा घरात तेवढीच आहे.

मला फक्त एक हवं आहे. त्या दिवशीचं उत्तर तुमचं होतं का. तुमचं असेल तर मी आवाजाचं रीळ घेते. नसेल तर मुकं. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.